सात शब्दांची पाटी

बापू गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. सांगलीहून येणारी गाडी स्टँडवर जायच्या आधीच माझ्याजवळ थांबली. कंडक्टर खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "आक्का, बापू सकाळी गेलं. वैनींनी निरोप दिलाय, मोटार करून आणत्यात. घर झाडून ठेवा म्हणाल्या." मी दळणाचा डबा खाली ठेवला नाही. घरी गेले, पीठ ओतलं, घर झाडलं, शेजारणीला पाणी तापवायला सांगितलं. रडणं नंतर झालं आणि ते लिहिण्यासारखं नाही. बापू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला मी कडेवर वाढवला. नवरा वारल्यावर मी माहेरी आले ती त्याच्याच घरात राहिले. आधी मी जायला हवं होतं. यात काही तत्त्वज्ञान नाही, वयाचा हिशेब आहे.

आठ दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. 'बांधकाम खात्याचे निवृत्त मुकादम व रस्त्यांवरील माहितीच्या पाट्यांचे जाणकार...' इथवर बरोबर होतं. पण पुढं लिहिलं होतं की शिराळ्याच्या वाटेवरच्या फरशीच्या पाटीबाबत आपला अंदाज चुकला, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती. खंत होती हे खरं. अंदाज चुकला हे खोटं. कुणाचं काय चुकलं ते मला ठाऊक आहे आणि ते सांगायला आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. पण आधी बापू कसा होता ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला पुढचं कळायचं नाही.

अठराव्या वर्षी तो रस्त्याच्या गँगवर लागला. खड्डे बुजवायचे, गटार काढायचं, झाडांना चुना लावायचा. पुढं मुकादम झाला. लोणंदपासून शिराळ्यापर्यंत असा एक रस्ता नसेल की ज्यावर त्यानं भाकरी सोडून खाल्ली नाही. रस्त्यावर काम करणाऱ्याला दिवसातून दहा माणसं वाट विचारतात, आणि वाट सांगायची बापूची एक रीत होती. तो कधी सगळी वाट सांगायचा नाही. आधी विचारायचा, "कुठनं आलासा?" मग त्या माणसाकडं जरा वेळ बघायचा आणि एवढंच सांगायचा, "पुढं दोन आंबं लागत्याल. पैल्या आंब्याला कुणी चुकत न्हाई. दुसऱ्याला पायवाट फुटती, ती मोठी दिसती, तिला भुलू नका." झालं. मी एकदा म्हटलं, सरळ जा म्हणावं की. तर म्हणाला, "सरळ जा ह्ये सांगणं न्हवं, आक्का. माणूस सरळच जातंय. जिथं चुकणार हाय तेवढंच सांगायचं, म्हंजे त्येच्या ध्यानात ऱ्हातं." आणि सांगून झाल्यावर तो माणूस दुसरा आंबा ओलांडेपर्यंत हातातलं फावडं तसंच धरून बघत राहायचा. चहा निवायचा. सोबतचे कुली त्याला हसायचे.

मैलांचे दगड काढून किलोमीटरचे लावले तेव्हा त्यानं आणखी एक उद्योग केला. म्हाताऱ्या माणसांना किलोमीटर कळेनात. काल इस्लामपूर आठ मैल होतं, आज तेरावर कसं गेलं म्हणून लोक भांडायला यायचे. बापूनं आपल्या हद्दीतल्या प्रत्येक दगडाच्या पाठीमागं चुन्यानं मैलाचा आकडाही लिहून ठेवला. कुणाला विचारलं नाही. एकदा कचेरीतले साहेब लघवीला म्हणून दगडामागं गेले आणि त्यांना तो दिसला. "हे कुणी लिहिलं?" "मी, सायेब." "मागच्या बाजूला कशासाठी?" "पुढची बाजू सरकारची हाय. म्हातारी माणसं मागनं वाचत्यात." साहेबांनी आकडे पुसायला सांगितलं नाही. या गोष्टीमुळंच त्याचं नाव कचेरीत राहिलं असावं, कारण तो रिटायर झाला आणि वर्षाच्या आत त्याला शोधत जीप आली.

सरकारनं पुण्याच्या काही लोकांना सल्ला द्यायला नेमलं होतं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर प्रवाशाला काय माहिती लागते, कुठं लागते, पाट्या कशा असाव्यात, ते त्यांनी फिरून ठरवायचं. जीपमध्ये एक तरुण साहेब होते, चष्मा लावणारे, बोलायला चांगले. त्यांनी आमच्या ओसरीवर नकाशा पसरला. बापूनं तो नीट बघितला आणि म्हणाला, "नकाशा बरोबर हाय, सायेब. पर नकाशा माणूस वरनं बघतंय. गाडी खालनं येती." साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली आणि दुसऱ्या दिवसापासून बापूला जीपमध्ये घेतलं. सल्ला देणाऱ्यांना सल्ला द्यायचा, हे त्याचं काम. गावात लय चेष्टा झाली. हॉटेलात शिरला की कुणीतरी म्हणायचं, "सल्लागार आलं, बाकडं पुसा." एकजण म्हणाला, "बापू गड्या, माझ्या म्हशीला गोठा घावत न्हाई, एक पाटी लाव की." बापू म्हणाला, "म्हशीला घावतोय. तुला लागंल पाटी. शिमग्याला पाव्हण्याच्या घरात शिरून जेवाय मागत हुतास."

मला त्यात त्यानंच ओढलं. साहेब एक पाटी वाचून म्हणाले की अक्षरं पुरेशी आहेत. बापू म्हणाला, "तुमी वाचायला लागला की तुमचं डोळं पळत्यात, सायेब. रस्त्यानं जाणारं माणूस चौथी पास असतंय. आमची आक्का चौथी पास हाय. तिला पुढं बसवा." साहेबांना ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊवारी सावरत, मांडीवर भाकरीची पिशवी घेऊन, जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते.

रीत अशी होती. पत्र्यावर अक्षरं रंगवून तो रस्त्याकडेला उभा करायचा. जीप नेहमीच्या वेगानं जायची. पाटी दिसली की मी मोठ्यानं वाचायला लागायचं आणि पाटी मागं गेली की थांबायचं. मागच्या सीटवरून बापू विचारायचा, "किती झालं?" मी आकडा सांगायची. तो वहीत तेवढ्या रेघा मारायचा. मी ज्या शब्दावर अडले तो शब्द खोडायचे. 'निषिद्ध'वर मी अडले, तिथं 'बंद' आलं. 'अवजड वाहने' गेली, 'ट्रक' आला. साहेब एकदा म्हणाले, "आक्का, तुम्हाला जड जाणारे शब्द काढले तर सरकारी मराठीच शिल्लक राहणार नाही." मी म्हटलं, "मग काय बिघडंल?"

लोणंदच्या स्टेशनाबाहेर बापूनं मला कांद्याच्या गाड्यांच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाला, "आक्का, तू आत्ता रेल्वेतनं उतरलीस. हितं कुणी वळखीचं न्हाई. तुला काय पायजे?" मी म्हटलं, चहा. "आन मग?" मुतारी. साहेबांनी तोंड फिरवलं, बापूनं लिहून घेतलं. "आन मग?" साताऱ्याची गाडी कुठं लागते ते. तिथं जी पाटी लागली तिच्यावर या तीन गोष्टी याच क्रमानं आहेत. मी सहा महिने असं फिरले. आमच्या घरातली बाई लग्न-मयतीशिवाय कधी तालुक्याबाहेर गेली नव्हती. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी बापूला कधी सांगितलं नाही. तसलं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

आता फरशीबद्दल. हमरस्ता सोडून शिराळ्याकडं वळलं की काही मैलांवर एक उतार आहे, उताराला वळण आहे आणि वळण संपतं तिथं ओढ्यावर फरशी आहे. पूल नाही, पाण्याच्या अंगाबरोबर बांधलेली फरशी. वर डोंगरात पाऊस झाला की तिच्यावरून पाणी जातं. दिसायला घोट्याएवढं, पण डावीकडं ओढ लय. आमचं गाव फरशीच्या पलीकडं, अर्ध्या मैलावर. आमच्या माणसांना ठाऊक आहे, ती वळणाच्या अलीकडं थांबतात. नव्या माणसाला वळण संपल्यावर पाणी दिसतं आणि तोवर चाक त्यात गेलेलं असतं. म्हणजे पाटी लागणार ती परक्या माणसासाठी, आणि वळणाच्या आधी.

बापूनं पाटी सांगितली, 'थांबा. पुढे पाणी.' साहेबांना ते पटेना. ते आमच्या चुलीजवळ पाटावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "बापूराव, सरकारी पाटीवर नुसतं थांबा कसं लिहायचं? कुणी थांबायचं, कधी थांबायचं? उन्हाळ्यातही थांबायचं का?" बापू म्हणाला, "गाडी थांबल्यावर बाकीचं इचारंल की ड्रायव्हर. आधी थांबू तर द्या." साहेबांनी लिहून आणलेलं वाक्य असं होतं: 'पावसाळ्यात फरशीवर पाणी असताना वाहन नेऊ नये.' सात शब्द. त्यात चूक काही नव्हती, हे मी आजही म्हणेन. दोघंही हट्टी. शेवटी साहेबच म्हणाले, "तुमच्या रीतीनं ठरवू. आक्कांनी चालत्या गाडीतून माझी पाटी पुरी वाचली तर माझी लावायची, नाहीतर तुमची." बापू खूश झाला. त्याला खात्री होती की माझे सात होणार नाहीत.

मधे आठ दिवस होते. ते आठ दिवस बापू साहेबांचं वाक्य रागानं घोकत घरभर फिरत होता. अंघोळीला बसला की, "पावसाळ्यात फरशीवर पाणी असताना..." धार काढताना, "...वाहन नेऊ नये. ही काय पाटी हाय का पोथी?" जेवताना पुन्हा तेच. त्याची बायको हौसा चटणी कुटता कुटता त्याच्या चालीवर तेच म्हणायला लागली. चौथ्या दिवशी ते वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी पुण्याहून मोठे साहेबही आले होते. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. भुरभुर पाऊस होता. जीप उताराला लागली, बाभळीला टेकवलेला पत्रा दिसला, मी तोंड उघडलं. डोळे तिसऱ्या शब्दावर होते तेव्हा वळण आलं. पण तोंड थांबलं नाही. ते पुढं गेलं आणि सातही शब्द म्हणून मोकळं झालं. मागून बापूनं विचारलं, "किती झालं?" मी म्हटलं, "सात." मोठे साहेब म्हणाले, "वा आजी, आमच्या कारकुनांना नाही जमायचं." बापू हरला होता. पण आरशात मला त्याचं तोंड दिसलं... तो हसत होता. वहीत सात रेघा मारल्या आणि साहेबांना म्हणाला, "लावा तुमची." त्याची पाटी रंगवलेला दुसरा पत्रा जीपमध्ये पालथा पडून होता. तो बाहेर काढलाच नाही.

मी का बोलले नाही? खोटं बोलतेय असं त्या वेळी वाटलंच नाही. शब्द तर सगळे बरोबर होते. आणि दुसरं खरं कारण असं की मला शिकलेली दिसायचं होतं. चौथीनंतर शाळा सुटली ती बापूला सांभाळायला. तो पुढं सातवीपर्यंत गेला. दोन साहेबांसमोर मी सात शब्द वाचले आणि माझ्या भावाला त्याचा अभिमान वाटला. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. सांजच्याला हॉटेलात तो स्वतःच सांगत होता, "आमची आक्का पळत्या गाडीतनं सात शब्द वाचती. मी हरलो गड्यांनो."

पुढच्याच श्रावणात नागपंचमीला लोणंदकडची माणसं जीप करून शिराळ्याला निघाली. कांद्याचा व्यापार करणारा एक तरुण, त्याची बायको आणि ड्रायव्हर. वाटेची माहिती कुणालाच नाही. डोंगरात पाऊस झाला होता. ओरडा ऐकून बापू दोर घेऊन पळाला, मागून मी. नवरा आणि ड्रायव्हर पोहत काठाला लागले. बाई खाली कळकाच्या बेटात, बांबूंत अडकलेली सापडली, तेव्हा दुपार कलली होती. तिचं नाव मला ठाऊक आहे. तिच्या माणसांना विचारल्याशिवाय ते मी छापणार नाही. ड्रायव्हर दगडावर बसून पोलिसाला सांगत होता, "पाटी दिसली हो. न्हाई म्हनत न्हाई. पावसाळ्यात, फरशीवर, पाणी... हितवर वाचलं आन वळान आलं. पुढं काय लिवलंय ते कळलंच न्हाई." मी बापूच्या मागं उभी होते. त्याचा हात खाली लोंबत होता आणि अंगठा एकेका बोटावर जात होता. एक, दोन, तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. तो येऊन उंबऱ्यात बसला. मग म्हणाला, "आक्का, तू मनाला लावून घिऊ नगंस. तुझा काय दोष न्हाई. तू हुशार हायस. तुझ्यावरनं समद्या जगाचा अंदाज बांधला, ही माझी चूक. तुझ्यापेक्षा कमी वाचणारं माणूस न्यायला पायजे हुतं मी." मी फुंकणीनं फुंकत राहिले. धूर झाला होता, डोळ्याला पदर लावला तरी कुणाला काही वाटलं नसतं.

चौकशी झाली. पुण्याचे तरुण साहेब सारखे म्हणत होते, "निर्णय माझा होता." बापूनं लेखी दिलं, 'वाचणारं माणूस मी आणलं होतं, अंदाज माझा चुकला.' साहेबांची बदली झाली की काय झालं ठाऊक नाही, जीप पुन्हा आली नाही. बापूनं पाटी बदलावी म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की सदर पाटी चाचणीत समाधानकारक ठरली असल्यानं बदलाची आवश्यकता दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. दोष कचेरीचा नाही. त्यांच्या कागदावर माझे सात होते.

मग पावसाळ्यात तो स्वतः वळणावर उभा राहायला लागला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठीला बांधलेलं लाल फडकं. डोंगर काळा दिसला की निघायचा, ओढा उतरला की यायचा. असे चार पावसाळे. गाड्या थांबवायचा, ड्रायव्हरांच्या शिव्या खायचा. एकानं विचारलं, "म्हाताऱ्या, सरकारनं नेमलंय व्हय तुला?" हा म्हणाला, "न्हाई. पर तुमी जरा थांबा." मी किटलीत चहा घेऊन जायची. तो खोळीत, मी इरल्यात, दोघं वळणावर उभे. माझ्या तोंडाशी यायचं... बापू, त्या दिवशी मी वाचलं नव्हतं. दर वेळी मी किटली घेऊन परत यायची. हिंमत नव्हती असं नाही, मी भितरी बाई नाही. पण त्याच्या लेखी मी हुशार होते. सगळ्या मुलखात तेवढी एकच जागा होती जिथं मी हुशार होते, आणि ती मला सोडवेना. त्या कागदावरचे सात खोडले असते तर पाटी बदलली असती आणि तो घरात बसला असता, हे मला दुसऱ्या पावसाळ्यातच कळलं होतं. तरी.

चौथ्या पावसाळ्यानंतर त्याची छाती धरली ती सुटली नाही. फाल्गुनात सांगलीच्या दवाखान्यात ठेवला. हौसा त्याच्याजवळ राहायची, मी येऊन जाऊन. शेवटच्या खेपेला मी ठरवून गेले होते. हौसा खाली धुणं धुवायला गेली होती. तो उशाला टेकून बसला होता, श्वास लागत होता. समोरच्या भिंतीवर पाटी होती. म्हणाला, "आक्का, वाच बघू." मी वाचली, रुग्णाजवळ दोनपेक्षा जास्त माणसांनी थांबू नये. तो म्हणाला, "बघ. चष्म्याबिगर." मी खाटेच्या कडेवर बसले आणि म्हटलं, "बापू, त्या फरशीच्या दिशी..." तेवढ्यात नर्सबाई सुई घेऊन आल्या. त्या गेल्यावर त्यानं मान वळवली आणि स्वतःच विचारलं, "काय म्हणत हुतीस?"

विचारलं त्यानं. मला संधी मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हटलं, "म्हशीनं दूध कमी केलंय."

तो जरा विचार करून म्हणाला, "पेंड बदल."

त्यानंतर मी गावाला आले आणि तिसऱ्या दिवशी कंडक्टर निरोप घेऊन आला. पेंड बदलली. म्हैस पहिल्यासारखी दूध देते.

तेरावा झाल्यावर मी हौसाला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मग म्हणाली, "वन्सं, मलाबी पाठ हुतं त्ये. तुमाला असणार, ह्ये मला त्या दिशीच कळाय पायजे हुतं." मला वाटलं तिनं मला माफ केलं. पण तिनं सुपातले खडे बाहेर टाकले आणि खाली बघूनच बोलली, "पर तुमी सांगितलं असतं तर ते चार पावसाळं घरात बसलं असतं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा आणून ठेवते आणि जाते. तिचं बरोबर आहे, मला तिच्याकडून दुसरं काही नको.

गेल्या आठवड्यात मी साताऱ्याच्या कचेरीत गेले, दोन्ही जिल्ह्यांतल्या पाट्यांचे कागद तिथंच असतात. एकटी. तीन टेबलं फिरल्यावर एका कारकुनानं फाईल काढली. विचारलं, "आजी, या प्रकरणात तुम्ही कोण?" मी म्हटलं, "त्यात एक बाई आसंल बघा, पाटी वाचणारी." त्यानं पान उलटून वाचून दाखवलं. एका अल्पशिक्षित स्त्रीकडून चालत्या वाहनातून वाचून घेतले, सर्व शब्द वाचले, समाधानकारक. मी म्हटलं, "ती मी. त्ये खोडा." तो म्हणाला, "लिहिलेलं खोडता येत नाही, आजी." मग दुसरा कागद मागून घेतला आणि त्याच्या टेबलाच्या कडेला उभं राहून लिहिलं. 'मी ती पाटी वाचली नव्हती. मला ती पाठ होती. डोळ्यांनी माझे तीन शब्द झाले. माझ्या भावाची पाटी बरोबर होती.' खाली सही केली. कारकुनानं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे इतक्या वर्षांत का नाही..." मी म्हटलं, "कऱ्हाडची गाडी कवा हाय?" त्यानं कागदावर शिक्का मारला आणि फाईलला लावला. पाटी बदलेल का म्हणून विचारलं तर म्हणाला, साहेब बघतील. पावसाळा तोंडावर आहे. पाटी बदलेपर्यंत वळणावर कुणीतरी उभं राहायला पाहिजे. खोळ खुंटीला आहे, काठी दाराआड आहे. मला अजून उभं राहता येतं.

परत येताना फाट्यावर गाडी बदलली आणि शिराळ्याच्या गाडीत खिडकीशी बसले. गाडी उताराला लागली तशी पाटी दिसली. तेच पत्र्याचे सात शब्द, रंग जरा उडालेला. सगळं वाक्य तोंडात तयार होऊन आलं होतं. मी दात मिटले आणि डोळ्यांनी एकेक अक्षर धरलं. पावसाळ्यात... फरशीवर... पाणी... आणि वळण आलं. मागच्या सीटवरून कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी मोठ्यानं सांगितलं, "तीन झालं."